वनस्पति-संग्रहाच्या नोंदींवरून छापील यादी कशी काढावी

सात-बाराचा उतारा ज्याच्या घरीं नाहीं असा जमीनधारक आपल्या जळगांव-धुळें भागांत सांपडणें कठीण. परंतु हा उतारा म्हणजे मूळ दप्तर नव्हे, दप्तरांतून ठराविक रीतीनें काढलेला मजकूर होय, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. गांव नमुना सात हा हक्कांचा, गांव नमुना बारा हा पिकांचा. दोन्ही एका कागदावर आले म्हणजे सात-बारा झाला. तीच जमीन गट क्रमांकावरून पाहावयाची तर सात-बारा काढावा, आणि खातेदाराच्या नांवावरून पाहावयाची तर आठ-अ काढावा. जमीन तीच, धनी तोच; मांडणी मात्र विचारणाराच्या गरजेप्रमाणें बदलते. तलाठ्याच्या दप्तरांतील एक ते एकवीस नमुन्यांत ज्यांचें आयुष्य गेलें त्या आम्हांसारख्यांस यांत नवल वाटत नाहीं. ज्या विषयावर आज आम्ही लिहीत आहों तो विषय वाचकांस प्रथमदर्शनीं परका वाटेल, म्हणून हा ओळखीचा दाखला आरंभींच दिला आहे.

विषय असा कीं, वाळवून ठेवलेल्या वनस्पतींच्या नमुन्यांची संगणकावर जी नोंद असते, तिच्यावरून वाचण्याजोगी व छापण्याजोगी यादी कशी काढावयाची. शेतकऱ्यास याची गरज काय, असें कोणी विचारील. त्यास आम्ही उलट विचारतों: आपल्या शेतांत आज जें तण माजलें आहे तें आपल्या आजोबांच्या वेळीं होतें काय? गाजरगवताचीच गोष्ट घ्या. पुण्याहून त्याची नोंद १९५६ सालीं प्रसिद्ध झाली व पुढें तें देशभर फोफावलें. आपल्या तालुक्यांत तें कोणत्या वर्षीं शिरलें, प्रथम सडकेच्या कडेला दिसलें कीं बाजाराच्या आवारांत, हें सांगणारा भरंवशाचा साक्षीदार एकच: त्या वर्षीं, त्या जागीं कोणी तरी उपटून, दाबून, वाळवून ठेवलेलें झाड. माणसाची आठवण पांच-दहा वर्षांनीं इकडेतिकडे होते. तारीख लिहिलेला नमुना होत नाहीं.

असे नमुने जेथें ठेवितात त्या जागेस वनस्पति-संग्रहालय म्हणावें. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजांतील ब्लॅटर यांच्या नांवाचा संग्रह १९०६ सालापासूनचा आहे. भारतीय वनस्पति सर्वेक्षण या सरकारी खात्याचें पश्चिम विभागाचें केंद्र पुण्यास १९५५ सालीं निघालें, तेथेंही मोठा संग्रह आहे. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेंत आणखी एक आहे. कुक साहेबानें मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील आपला मोठा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळांत प्रसिद्ध केला, तो अशाच नमुन्यांच्या आधारें. आपल्या प्रांतापुरतें बोलावयाचें तर धुळें व नंदुरबार या जिल्ह्यांच्या वनस्पतींवर २००३ सालीं आणि जळगांव जिल्ह्याच्या वनस्पतींवर २००८ सालीं ग्रंथ निघाले आहेत. ज्यांस मिळतील त्यांनीं ते अवश्य चाळावे.

संग्रहांतील एक नमुना म्हणजे सुमारें ४२ सेंटिमीटर लांब व २८ सेंटिमीटर रुंद अशा जाड कागदावर चिकटविलेली किंवा टांचलेली वाळकी फांदी, व त्याच कागदाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यांत लाविलेली चिठ्ठी. खरा प्राण या चिठ्ठींत असतो. झाडाचें शास्त्रीय नांव, कुल, स्थानिक नांव, गांव व तालुका, गोळा केल्याची तारीख, गोळा करणाराचें नांव व त्याचा अनुक्रमांक, आणि ‘काळी जमीन, ज्वारीचें शेत, फुलें पांढरीं’ अशा तऱ्हेचा शेरा इतक्या गोष्टी तिच्यावर येतात. फुलाचा रंग वाळल्यावर उडतो, म्हणून तो शेऱ्यांत लिहिलाच पाहिजे. चिठ्ठी हरवलेला नमुना म्हणजे सही-शिक्क्यावांचून दस्तऐवज.

आतां या चिठ्ठ्या संगणकावर चढवितात ती रीत पाहूं. नवशिक्या माणूस चिठ्ठी जशीच्या तशी एका रकान्यांत उतरवून मोकळा होतो. मग ‘यावल तालुक्यांतील नमुने द्या’ असें म्हटलें कीं अडचण उभी राहते. कारण संगणकास यावल हें तालुक्याचें नांव आहे कीं गोळा करणाराचें आडनांव, हें कळत नाहीं. म्हणून प्रत्येक गोष्टीस स्वतंत्र रकाना हवा: जिल्हा निराळा, तालुका निराळा, गांव निराळें, दिवस, महिना, वर्ष हींही निरनिराळीं. जुन्या चिठ्ठ्यांवर पुष्कळदां नुसतें ‘ऑक्टोबर’ आणि साल असतें. एकच तारखेचा रकाना ठेविला तर तो रिकामा दिवस स्वीकारीत नाहीं, आणि चढविणारा कंटाळून ‘१ ऑक्टोबर’ असें ठोकून देतो. पुढच्या पिढीस तो दिवस खरा वाटतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. एकच माहिती शंभर ठिकाणीं लिहूं नये. आपल्या ज्वारीच्या मुळांवर जगणारा टारफुला सर्वांस ठाऊक आहे. जुन्या पुस्तकांत त्याचें नांव स्ट्रायगा ल्युटिया असें आढळतें, आज स्ट्रायगा एशियाटिका हें नांव धरितात. पूर्वी त्यास स्क्रोफ्युलॅरिएसी कुलांत घालीत, आतां ओरोबँकेसी कुलांत घालितात. प्रत्येक नमुन्यापुढें कुलाचें नांव लिहिलेलें असेल तर असा फेरफार होतांच प्रत्येक ओळ दुरुस्त करावी लागेल, आणि दहा-वीस ओळी हटकून राहून जातील. त्याऐवजीं नांवांचा एक तक्ता निराळा ठेवावा. त्यांत प्रत्येक नांवास एक क्रमांक, त्याचें कुल, व तें नांव आज मान्य आहे कीं दुसऱ्या नांवांत विलीन झालें आहे हें एकदांच लिहावें. नमुन्याच्या तक्त्यांत फक्त तो क्रमांक यावा. खातेदाराचें नांव खाते क्रमांकानें ओळखण्याची जी सोय, तीच ही. कडूनिंब कोणी मेलिया अझॅडिराक्टा म्हणून लिहिला, कोणी अझॅडिराक्टा इंडिका म्हणून. तूर कोणी कजानस इंडिकस म्हणून, कोणी कजानस कजान म्हणून. क्रमांकाची जोड असली म्हणजे यादींत हे सारे एकाच मथळ्याखालीं येतात. नसली तर एकाच झाडाचीं दोन झाडें होतात. देशी कापसाचे बाबतींत तर हा घोळ फारच आहे. जुन्या कागदांत गॉसिपियम निग्लेक्टम ही वेगळी जात म्हणून येते. आज तिचा समावेश गॉसिपियम आर्बोरियम या जातींत होतो. खानदेशांतील देशी कापसाचा इतिहास शोधूं पाहणारानें एकाच नांवानें शोध केला तर निम्मा इतिहास त्याच्या हातून निसटेल.

गांवांची व जिल्ह्यांचीं नांवें हा आमच्या आवडीचा विषय, म्हणून येथें थोडें थांबतों. जुन्या चिठ्ठींवर ‘खानदेश’ एवढेंच असेल तर तो आजचा कोणता जिल्हा? १९०६ सालीं खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन झालें त्या सुमारास पूर्व खानदेशाचें जळगांव व पश्चिम खानदेशाचें धुळें असें नामांतर झालें, आणि १ जुलै १९९८ रोजीं धुळ्यांतून नंदुरबार वेगळा निघाला. म्हणजे ‘तोरणमाळ, पश्चिम खानदेश’ असें लिहिलेला नमुना आज नंदुरबार जिल्ह्याच्या यादींत गेला पाहिजे. तालुक्यांचेंही तसेंच, धरणगांव पूर्वी एरंडोल तालुक्यांत होतें, आतां तें स्वतः तालुका आहे. अशा वेळीं जुनें नांव खोडून नवें घालण्याचा मोह होतो. तो टाळावा. फेरफार मंजूर झाला म्हणजे सात-बारावरील जुन्या नांवास कंस करितात, तें खरडून काढीत नाहींत; कारण उद्यां वाद निघाला तर कंसांतलेंच नांव कामास येतें. त्याप्रमाणें ‘चिठ्ठीवर लिहिलेलें ठिकाण’ हा एक रकाना अक्षरशः उतरून कायमचा ठेवावा, व ‘आजचा जिल्हा’, ‘आजचा तालुका’ हे रकाने त्याशेजारीं असावेत. यादी काढतांना आजच्या रकान्यांवरून निवड करावी आणि छापतांना चिठ्ठीवरील मजकूरही द्यावा. नुसत्या ‘खानदेश’ शब्दावरून जिल्हा ठरत नसेल तर आजच्या जिल्ह्याचा रकाना रिकामा राहूं द्यावा. तर्कानें भरलेला रकाना रिकाम्याहून वाईट.

अक्षांश-रेखांश देत असल्यास त्यांची अदलाबदल होऊं देऊं नये. जळगांव सुमारें २१ अंश उत्तर अक्षांश व ७५॥ अंश पूर्व रेखांशावर आहे. हे आंकडे उलटे पडले कीं आपल्या केळीच्या बागेंतील तण नॉर्वेच्या उत्तरेस बर्फाळ समुद्रांत उगवल्याचें नकाशा दाखवितो. हंसूं येतें खरें, पण मोठमोठ्या संग्रहांतही असे नमुने सांपडतात.

इतकी पूर्वतयारी झाल्यावर यादी काढण्याचें काम तीन गोष्टींत येतें: निवड, क्रम आणि सांचा. निवड म्हणजे कोणत्या नोंदी घ्यावयाच्या. क्रम म्हणजे त्या कशाच्या पाठोपाठ कोणती. सांचा म्हणजे कागदावर त्यांचें रूप कसें. निवड सोपी आहे. क्रमाकडे मात्र लोक दुर्लक्ष करितात, व सर्व बिघाड तेथेंच होतो. ज्या ज्या गोष्टीचा मथळा पाहिजे त्या त्या गोष्टीवर आधीं क्रम लाविला पाहिजे. संगणक एक ओळ वाचतो, मागच्या ओळीचें कुल व या ओळीचें कुल सारखें आहे कीं नाहीं पाहतो, आणि निराळें असेल तरच नवा मथळा छापतो. नोंदी विस्कळित असतील तर तोच मथळा पांच वेळां येईल. तेव्हां पहिला क्रम कुलाचा, मग जातीचा, मग जिल्ह्याचा, मग तालुक्याचा, शेवटीं तारखेचा, अशी उतरंड लावावी. गोळा करणाराचे क्रमांक आंकड्यांच्या रकान्यांत आहेत कीं अक्षरांच्या, हेंही पाहावें. अक्षरांच्या रकान्यांत असतील तर १ नंतर १०, त्यानंतर १००, आणि मग २ असा विचित्र क्रम लागतो.

सांचा हा दवंडीच्या किंवा नोटिशीच्या छापील कागदासारखा असतो: ठराविक शब्द छापलेले, मध्यें मोकळ्या जागा. फरक एवढाच कीं मोकळ्या जागीं रकान्याचें नांव लिहिलेलें असतें व संगणक तेथें नोंद भरतो. तालुका, मग अपूर्णविराम, मग गांव, स्वल्पविराम, तारीख, स्वल्पविराम, गोळा करणारा व त्याचा क्रमांक, असा सांचा आम्ही सुचवितों. यांत एक खोंच आहे. गांवाचा रकाना रिकामा असला तर ‘चोपडा: , ५ सप्टेंबर’ असें लोंबकळणारें विरामचिन्ह छापून येतें. म्हणून चिन्ह सांच्यांत मोकळें न ठेवितां त्या त्या रकान्यास बांधून ठेवावें. गांव असेल तरच त्याच्या आधींचा अपूर्णविराम छापावा, अशी अट घालावी. हिशेबाच्या तक्त्यांतही ‘रिकामें नसल्यास’ अशी अट घालतां येते, व ती शिकण्यास एक दुपार पुरते.

उदाहरणादाखल पांच नोंदी कल्पूं. त्या खऱ्या नमुन्यांच्या नव्हेत, केवळ समजुतीसाठीं घेतल्या आहेत. गोळा करणारे ‘अ’ आणि ‘ब’. चढविलेल्या क्रमानें त्या अशा:

टारफुला, धुळें, शिरपूर, बोराडी, २०२१-०९-२१, ब, ४०
गाजरगवत, जळगांव, रावेर, पाल, २०१९-०८-३०, अ, १५
गाजरगवत, जळगांव, चोपडा, (गांव नाहीं), २०१८-०९-०५, अ, ७
टारफुला, जळगांव, यावल, साकळी, २०२०-०९-१२, ब, २२
गाजरगवत, जळगांव, चोपडा, अडावद, २०१९-०८-१४, अ, १२

तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमानें लिहिली आहे, ती मुद्दाम. ३/४/०५ असें लिहिलें तर ३ एप्रिल कीं ४ मार्च, १९०५ कीं २००५, हा वाद कोणीच मिटवूं शकत नाहीं. वर्षापासून आरंभ केला म्हणजे क्रमही आपोआप बरोबर लागतो. आतां वर सांगितलेली उतरंड लावून व सांचा घालून हीच माहिती अशी येते:

ॲस्टरेसी
पार्थेनियम हिस्टेरोफोरस (गाजरगवत)
जळगांव जिल्हा. चोपडा, ५ सप्टेंबर २०१८, अ ७. चोपडा: अडावद, १४ ऑगस्ट २०१९, अ १२. रावेर: पाल, ३० ऑगस्ट २०१९, अ १५.

ओरोबँकेसी
स्ट्रायगा एशियाटिका (टारफुला)
जळगांव जिल्हा. यावल: साकळी, १२ सप्टेंबर २०२०, ब २२.
धुळें जिल्हा. शिरपूर: बोराडी, २१ सप्टेंबर २०२१, ब ४०.

कुल व शास्त्रीय नांव हीं नोंदींत नव्हतीं. तीं नांवांच्या तक्त्यांतून आलीं. प्रत्येक नमुना संपला कीं पूर्णविराम, हाही सांच्याचाच भाग आहे. इंग्रजी लिपींत छापावयाचें झाल्यास जातीचें शास्त्रीय नांव तिरप्या अक्षरांत व तें देणाऱ्या शास्त्रज्ञाचें नांव उभ्या अक्षरांत देण्याची रूढि आहे; त्यासाठीं हीं दोन नांवें निरनिराळ्या रकान्यांत असणें अवश्य. एकाच रकान्यांत असतील तर प्रत्येक ओळ हातानें तिरपी करीत बसावें लागेल.

याच पांच नोंदींवरून निराळ्या सांच्यानें संग्रहाच्या कागदावर लावावयाच्या चिठ्ठ्या छापतां येतात, किंवा गांवाच्या नांवाखालीं सर्व झाडें येतील अशी यादी काढतां येते. सात-बारा आणि आठ-अ यांचाच हा प्रकार. हें करणारीं खास साधनें आहेत. ऑक्सफर्ड विद्यापीठांत तयार झालेलें ब्राह्म्स हें पुष्कळ संग्रहालयांत चालतें, व त्यांत अशा मजकुराच्या याद्या काढण्याची सोय आहे. निरनिराळ्या संग्रहांच्या नोंदी एकत्र यावयाच्या तर रकान्यांचीं नांवें सर्वत्र सारखीं हवींत, म्हणून डार्विन कोअर नांवाचा एक संकेत जगभर पाळतात. शेतकरी संघाच्या कचेरींत मात्र एवढ्याची जरूर नाहीं. लिब्रे ऑफिससारख्या फुकट मिळणाऱ्या साधनांतील हिशेबाचा तक्ता व पत्रें भरण्याची सोय एवढ्यावर पहिल्या पांचशें नोंदींचें काम सहज निभावतें.

याचा उपयोग कोठें, तें आतां सांगतों. २००२ च्या जैवविविधता कायद्यान्वयें प्रत्येक स्थानिक संस्थेनें समिति नेमून लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करावयाची असते. अशी वही करतांना शेजारच्या गांवाची यादी उतरून काढली तर ती कोणाच्याच उपयोगाची नाहीं. झाडाच्या नांवापुढें नमुन्याचा क्रमांक व तारीख असेल तरच ती नोंद कोणास पडताळून पाहतां येईल. तसेंच २००१ च्या पिकांच्या वाणांच्या कायद्यानें शेतकऱ्यास आपल्या परंपरागत वाणाची नोंदणी करण्याचा हक्क दिला आहे. जळगांवचीं केळीं व भरिताचें वांगें यांस २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, तें सर्वांस ठाऊक आहे. परंतु घरोघर राखलेलीं जीं लहान वाणें आहेत, एखाद्या घरची वालाची जात, एखाद्या पाड्यावरची ज्वारी, त्यांचा कागदोपत्रीं कांहींच पत्ता नाहीं. राखणारी म्हातारी गेली कीं बीं गेलें, आणि तें येथें होतें हें सिद्ध करण्यासही कांहीं उरत नाहीं. अशा वाणांचें कणीस, शेंग, पान दाबून ठेवून त्याची तारीखवार नोंद करणें हें पीक संघाच्या आवांक्यांतलें काम आहे. स्थानिक नांव मात्र सांगणाराच्या तोंडीं असेल तसेंच उतरावें; अहिराणी, पावरी किंवा तडवी मंडळीच्या बोलींतलें नांव शुद्ध मराठी करून लिहूं नये.

येथें एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. सर्वच मजकूर सर्वांसाठीं छापावा असें नाहीं. सातपुड्यांतील सफेद मुसळीसारख्या, मुळांसाठीं खणून नेल्या जाणाऱ्या वनस्पतींचें नेमकें ठिकाण छापील यादींत दिलें तर ती यादी खणणारांस वाटाड्याचें काम करील. ज्या मुसळीचें शास्त्रीय नांव मुंबईजवळच्या बोरिवलीवरून पडलें, ती आज बोरिवलींत शोधावी लागते. म्हणून नांवांच्या तक्त्यांत ‘ठिकाण गुप्त’ असा एक रकाना ठेवावा, आणि बाहेर जाणाऱ्या सांच्यांत त्या जातींपुढें फक्त जिल्हा यावा. मूळ नोंदींत गांव, शिवार, ओढा सर्व लिहिलेलें असावें. तें संग्रहाच्या कपाटांत राहील.

यादी हातीं आल्यावर छापखान्याकडे धाडण्यापूर्वीं एक पडताळा करावा. निवडींत किती नोंदी होत्या तो आंकडा आधीं टिपून ठेवावा, मग छापील यादींतील नमुने मोजावेत. जमाबंदीच्या तक्त्याची बेरीज आडवी व उभी सारखी यावी लागते, तसे हे दोन आंकडे जुळले पाहिजेत. यादींत कमी भरले तर बहुधा कांहीं नमुन्यांस नांवांच्या तक्त्यांतील क्रमांकच दिलेला नसतो, व जोड न मिळाल्यानें ते मुकाट्यानें गळून पडतात; संगणक त्याबद्दल ओरडत नाहीं. जास्त भरले तर नांवांच्या तक्त्यांत एकच क्रमांक दोनदां पडला आहे असें समजावें. ज्या नोंदी गळल्या त्यांची एक निराळी यादी ‘क्रमांक नाहीं’ या निवडीनें काढावी, दुरुस्त्या मूळ तक्त्यांत कराव्या, छापील मजकुरांत हातानें करूं नयेत, आणि मग यादी पुन्हां पहिल्यापासून काढावी. मूळ तक्त्याची एक प्रत दुसऱ्या ठिकाणीं, दुसऱ्या माणसाच्या ताब्यांत ठेवावी, व प्रतीवर ती कोणत्या तारखेची आहे तें लिहावें. येत्या खरिपांत निंदणीच्या वेळीं दहा तणें गोळा केलीं तर दिवाळीपर्यंत तीं वाळून, चिठ्ठ्या छापून, यादीसह तयार होतील. प्रत्येकाचे दोन नमुने घ्यावेत, म्हणजे एक नांव ठरविण्यासाठीं पुण्यास धाडतां येईल.